चुन्याच्या भट्टीतलं रोम

सगळ्यात आधी बाईंचं सांगतो. नाव लिहायचं नाही असं त्यांनीच बजावलंय, म्हणून नुसत्या बाई. शाळेत शिकवणाऱ्यांना आपण म्हणतो त्या बाई. पंचाहत्तरी ओलांडलेली, डावा गुडघा न वाकणारी, सारी नोकरी लीड्सच्या शाळांमधून इतिहास शिकवण्यात घालवलेली ही इंग्रज बाई. दर मंगळवारी सकाळी आमच्या भागातल्या लायब्ररीत मोठ्या माणसांचा वर्ग घेतात, फुकट. माझ्यासाठी बायकोने खस्ता खाल्ल्या, पण ती घरची. बाईंचं माझ्याशी काही नातं नव्हतं. आठवीतून शाळा सुटलेल्या माणसाला त्यांनी वर्गात बसवलं, बोलायला लावलं, आणि त्याच्यासाठी दुसऱ्यांशी भांडल्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी वाईजवळच्या एका खेड्यातला गवंडी. वडीलही गवंडी, पण जुन्या कामाचे. नदीवरचे घाट, देवळांची शिखरं, तलावांच्या भिंती अशी चुन्यातली कामं त्यांच्याकडे यायची. चुना भिजवायचा, बैल जुंपलेल्या घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घालायचा, हे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. पुढे गावोगाव सिमेंट आलं आणि मीही सिमेंटवर गेलो, पण हात चुन्यावर तयार झालेला. लग्न झालं ती मिरजेला नर्सिंग शिकलेली. तिला लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. कागदावर माझा हुद्दा डिपेंडंट. हा शब्द मी पहिल्या महिन्यात इतक्या ठिकाणी लिहिला की नंतर कुणी नाव विचारलं तरी तोच तोंडात यायचा.

भीती कसली होती, ते नीट सांगता येणार नाही. मारामारीला मी भीत नाही, उंचीला तर नाहीच. पण दुकानात जायचं तर आधी फुटपाथवर उभं राहून वाक्य तीनदा म्हणून बघायचो. बसमध्ये कुणी शेजारी बसलं की खिडकीकडे तोंड फिरवायचो, हा आता काहीतरी विचारणार म्हणून. एका वेअरहाउसमध्ये खोके उचलायचं काम मिळालं. तिथे बोलावं लागत नव्हतं, म्हणून बरं वाटायचं. बायको म्हणायची, "अहो, एवढे परांचीवर चढून कळस बसवणारे तुम्ही, आणि बिस्किटाचा पुडा मागायला घाबरता?" मी हसून वेळ मारून न्यायचो.

मंगळवारी मला सुट्टी असे. हीटिंग वाचवायचं म्हणून मी लायब्ररीत जाऊन बसायचो. एका मंगळवारी मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि भिंतीवर प्रोजेक्टरने एक चित्र पाडलेलं होतं. मोठमोठे खांब, अर्धे जमिनीत गाडलेले, आणि मध्ये गुरं चरतायत. मी दारातच थांबलो. बाईंनी बोलता बोलता काठीने खुर्ची दाखवली. मी बसलो. कुणी काही विचारलं नाही, म्हणून पुढच्या मंगळवारीही गेलो.

तो वर्ग रोम शहराचा होता. पडझड झालेलं रोम पुन्हा कसं उठलं, याचा. पुरातन रोम सगळ्यांना माहीत असतं, मलासुद्धा थोडंफार होतं. पण मधलं रोम मला नवीन होतं. पोप शहर सोडून फ्रान्समध्ये जाऊन राहिले. नंतर तर एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन पोप आपणच खरे म्हणून भांडत होते. शहराची तटबंदी जुन्या काळची, अवाढव्य, आणि आत माणसं मूठभर, नदीच्या वळणाला खेटून राहणारी, कारण पाण्याचे कालवे फुटलेले. जिथे बादशहांचे दरबार भरायचे तिथे गायी बांधलेल्या. मुख्य टेकडीला लोक बकऱ्यांची टेकडी म्हणत. मग एक पोप परत आला, त्याने छपरं शाकारायला घेतली. त्याच्या नंतरच्या एकाने ग्रंथालय जमवलं, कसाबसा वाहत असलेला एक कालवा दुरुस्त केला. बाहेरून शिकलेली माणसं येऊन झाडोऱ्यात शिरून दगडांवरची अक्षरं वाचू लागली. बाई सांगायच्या तेव्हा असं वाटायचं की या स्वतः तिथे चिखलात उभ्या होत्या.

वर्गात आठ-दहा जण. बहुतेक रिटायर्ड. त्यातले एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, पक्के इथले, यॉर्कशरचे, चहाचा थर्मास घेऊन यायचे आणि सगळ्या विषयांवर मत असायचं. एके दिवशी बाईंनी चुन्याच्या भट्ट्यांचं सांगितलं. त्या पडक्या काळात रोमचे लोक संगमरवराचे पुतळे, खांब फोडून भट्टीत घालायचे आणि त्याचा चुना करायचे. शतकानुशतकं. बँकवाले मान हलवत म्हणाले की अडाणी लोक, दुसरं काय, समोर काय पडलंय ते कळायची अक्कल नव्हती; शहर मेलं होतं आणि ही गिधाडं त्याच्यावर जगत होती. दोघं-तिघं हसले.

मी तोवर वर्गात एक वाक्य बोललो नव्हतो. आणि या वेळी वाक्य तीनदा म्हणून बघायला वेळ मिळाला नाही. मी उभाच राहिलो. म्हटलं, चुन्याने पोट भरत नाही. चुना ठेवायलाही होत नाही, हवा लागली की वाया जातो. चुना कुणी भाजतो तो बांधायचं असतं म्हणून भाजतो. शंभर शंभर वर्षं भट्ट्या पेटत होत्या, म्हणजे तेवढी वर्षं कुणीतरी भिंत घालत होतं, चूल लिंपत होतं, छप्पर धरत होतं. मग शहर मेलं होतं कसं? माझं इंग्रजी तुटकं, काळ-वेळ सगळा चुकलेला. पण थांबलो नाही. म्हटलं, मी चुनेवाल्याचा मुलगा आहे. राजाचा पुतळा आणि पोराच्या डोक्यावरचं छप्पर, यात माझ्या बापाने काय निवडलं असतं ते मला ठाऊक आहे, आणि तो अडाणी नव्हता.

बसलो. वाटलं, आता हाकलणार. बँकवाले थर्मासचं झाकण फिरवत बसले. बाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी हे शिकवलं. भट्टीच्या बाजूने मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि सगळी माहिती काढून घेतली. काय काम येतं, कुठे शिकलो, इथे काय करतो. खोके उचलतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा आंबट झाला. लीड्सच्या आसपास जुन्या दगडी इमारती, बंद पडलेल्या गिरण्या, चर्चं यांना चुन्यातच दुरुस्त करावं लागतं आणि ते करणारे हात मिळत नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. असलं काम शिकवणारा एका कॉलेजात वर्षाचा कोर्स होता. फॉर्म त्यांनीच आणला. त्यात शिक्षणाचा रकाना. मी तो कोरा ठेवला. फॉर्म परत आला.

मी म्हटलं, जाऊ दे. आमच्या मराठी मंडळातल्या एका पुणेकर सॉफ्टवेअरवाल्यांनीही तोच सल्ला दिला, अगदी आपुलकीने, की अरे, कशाला त्या भानगडीत पडतोस, डिलिव्हरीचं काम घे, सेट हो. बाईंना मात्र राग आला होता. त्यांनी कॉलेजला फोन केला. मग पत्र लिहिलं. मग तो न वाकणारा गुडघा घेऊन दोन बस बदलून स्वतः गेल्या. परत आल्या त्या अट घेऊन. कोर्स चालवणारा मास्तर डिसेंबरच्या सुरुवातीला लायब्ररीत येईल. मी त्याच्यापुढे चुन्याच्या कामाचा नमुना ठेवायचा आणि जुन्या बांधकामाविषयी दहा मिनिटं बोलायचं. पटलं तर जानेवारीत प्रवेश, शाळेचा दाखला नसला तरी. नाही पटलं तर विषय संपला, कारण त्यानंतर कोर्स पुन्हा चालणार की नाही तेच नक्की नव्हतं.

कशावर बोलायचं हे बाईंनी विचारलंसुद्धा नाही. "तुमचं रोम," म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी मी लायब्ररीच्या मागच्या अंगणात जुन्या विटांची छातीएवढी भिंत घातली. चुना भिजवलेलाच डब्यात विकत मिळतो इथे, लोण्यासारखा. कितीतरी वर्षांनी हात त्यात घातला. सांधे भरले, अर्ध्या भागावर गिलावा केला, लाकडी थापीने घोटला. वडिलांनी बघितलं असतं तर काही बोलले नसते, आणि ते काही बोलले नाहीत म्हणजे काम ठीक आहे असं धरायचं, ही आमची पद्धत. वर ओलं गोणपाट टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायला लागलो.

हे पाणी मारणं समजून घ्यायला हवं. आपल्याकडे कुठलंही नवं काम झालं की त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. उन्हात भिंत भाजून निघते, तडकते. पाणी चुकवणारा गवंडी म्हणजे कामचुकार. हे माझ्या हाडात बसलेलं. वेअरहाउसला जायच्या आधी आणि आल्यावर मी बादली घेऊन अंगणात जायचो. बँकवाल्यांनी एकदा खिडकीतून पाहिलं. बाहेर येऊन पावसात उभे राहून म्हणाले, "बाळा, इथे देव रोज पाणी मारतो. तू कशाला मध्ये पडतोस?"

मला वाटलं, आला परत अडाणी म्हणायला. मी त्यांच्यासमोर आणखी एक बादली ओतली. खोटं कशाला सांगू, ती बादली मी भिंतीसाठी ओतलीच नव्हती.

मास्तर यायच्या आधी दोन दिवस कडक थंडी पडली. गाड्यांच्या काचा पांढऱ्या, गवत पांढरं. मला गवताचं कौतुक वाटलं, भिंतीची काळजी नाही वाटली. आमच्याकडे गोठण्याची भानगडच नाही, तर चुना गोठतो हे मला कोण सांगणार? त्या मंगळवारी सकाळी बायको रात्रपाळी करून आली, म्हणाली मीही येते बघायला. आम्ही दोघांनी मिळून गोणपाट उचललं. गोणपाटाबरोबर गिलावा आला. पत्र्यासारखा नाही, दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा, पापुद्रे पापुद्रे होऊन. सांध्यांतला चुना बोट लावलं की भुरभुर. महिनाभर पाणी पिऊन फुगलेली भिंत दोन रात्रींत फुटली होती.

मी गोणपाट परत टाकलं आणि म्हटलं, चल घरी. मास्तर यायला तासभर होता. बाईंना फोन करून सांगू, पोटात दुखतंय. बायको तिथल्या पायरीवर बसली. बारा तास उभी होती ती. थोड्या वेळाने म्हणाली, "मला इथे पहिल्या महिन्यात एका म्हाताऱ्याची शीर सापडेना. तीनदा टोचलं. तो ओरडला, परत जा तुझ्या देशात म्हणाला. मी बाहेर जाऊन रडले आणि आत येऊन चौथ्यांदा टोचलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही घरी चला म्हणालात तर मी येईन. पण मला झोप यायची नाही."

बाई आल्या. त्यांना गोणपाट उचलून दाखवलं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. त्या काठीवर रेलून बघत राहिल्या आणि विचारलं, का झालं हे, कळलंय का तुम्हाला? मी म्हटलं, हो, आता कळलं. मग तेच सांगा, म्हणाल्या.

मास्तर म्हणजे रुंद खांद्याचा माणूस, नखांत पांढरं. त्याचे हात बघून मला आधी बरं वाटलं आणि मग जास्तच लाज वाटली. वर्गातले सगळे अंगणात कोट घालून उभे. मी गोणपाट काढून बाजूला टाकलं. कुणीतरी च्च केलं. मी बोलायला लागलो.

रोमचं सांगितलं. पडकं शहर, गायी, बकऱ्या, भट्ट्या. सांगितलं की फ्लॉरेन्सचे दोघे तरुण तिथे येऊन पडक्या भिंती खणून मोजायचे, तेव्हा गावचे लोक त्यांना गुप्तधन शोधणारे समजायचे, असं म्हणतात. त्यातला एक सोनाराचं काम शिकलेला. पुढे त्याने आपल्या गावी जाऊन एवढा घुमट उभा केला, की तसा कसा उभा करावा हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याला कुणी दाखला विचारला असता तर त्याच्याकडे सोनाराचाच असता. पोपाने हुकूम दिला, पंडितांनी पुस्तकं लिहिली, हे बाईंनी मला शिकवलं आणि ते खरं आहे. पण हुकुमाला भिंत चिकटत नाही. ज्या अडाणी लोकांनी शहर मेलेलं असतानाही भट्टी विझू दिली नाही, त्यांच्या पोरांच्या हातात चुना होता, म्हणून नवं रोम उभं राहिलं. आणि नव्या रोमवाल्यांनी तरी काय केलं? जुन्याचं कौतुक करत करत जुन्याचेच दगड उचलले. मग शिव्या एकट्या भट्टीवाल्यांना का? मी बँकवाल्यांकडे बघून हे म्हणालो. ते खाली बघत नव्हते, माझ्याकडेच बघत होते.

मग भिंतीकडे वळलो. म्हटलं, ही भिंत माझ्या अडाणीपणाने फुटली आहे, यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. माझ्या गावी ऊन शत्रू आहे म्हणून आम्ही पाणी मारतो. इथे पाणीच शत्रू आहे, हे मला कळायला हवं होतं. आणि या साहेबांनी मला ते सांगितलं होतं, मी हट्टाने ऐकलं नाही.

मास्तराने खिशातून एक खिळा काढला आणि सांध्यात खुपसला. पापुद्र्याच्या मागे तो मऊ आत गेला. त्याने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच दिसलं, जे सकाळपासून घाबरून दिसलं नव्हतं. इतकं पाणी मारलं होतं की आतला चुना अजून धरलाच नव्हता. वरचा गोठून गेला, आतला जिवंत होता.

मी कोट काढला. वरचं भुरभुरीत सगळं खरवडून टाकलं, आतलं थापीने काढून फळीवर घेतलं आणि लाकडी दांडक्याने कुटायला लागलो. सुरुवातीला असा चुना ढेकळांसारखा सुटा असतो. बघणाऱ्याला वाटतं, हा कोरडा पडलाय, गेला. कुटत राहिलं की आतलं पाणी आपणहून वर येतं. थंडीत माझ्या अंगाला घाम सुटला. मास्तर अंगणातली बादली उचलून माझ्याजवळ घेऊन आला.

"पाणी हवं का?"

"नको. आता पाणी नको."

त्याने बादली खाली ठेवली आणि पहिल्यांदा हसला. चुना लोण्यासारखा झाला तेव्हा मी चार विटांचे सांधे पुन्हा भरले, आणि या वेळी वर सुकं गोणपाट, त्यावर बायकोने आपली शाल काढून दिली. बँकवाल्यांनी थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला. म्हणाले, "गिधाडं हा शब्द मी परत घेतो. बादलीच्या बाबतीत मात्र मी बरोबर होतो." मी म्हटलं, होतात.

मास्तराने निकाल तिथेच दिला नाही. आत जाऊन बाईंशी बोलत बसला, आणि मी अंगणात हत्यारं धूत राहिलो, एकच थापी चार-पाच वेळा. मग बाहेर येऊन म्हणाला की जानेवारीत घेतो, पण ईस्टरच्या सुट्टीपर्यंत प्रवेश कच्चा. तोवर लिहायचं-वाचायचं काम जमलं नाही तर नाव काढणार. दुरुस्त करता येणारा माणूस मला हवाय, बोलता येणारे पुष्कळ आहेत, असंही म्हणाला. बायको उभ्या उभ्या रडली आणि मग घरी जाऊन संध्याकाळपर्यंत झोपली.

आता फेब्रुवारी चालू आहे. कोर्सला जातो. इंग्रजी लिहिणं अजून जड जातं, दुकानाबाहेर वाक्य अजूनही एकदा म्हणून बघतो. वर्गात सगळी विशीतली पोरं, ती पानभर टाइप करतात तेवढ्या वेळात माझी एक ओळ होते. ईस्टरला काय होईल सांगता येत नाही. पण वहीत मी पहिल्या पानावर शिक्षणाच्या रकान्यासारखी एक रेघ आखली आणि तिच्यापुढे लिहिलं, चुना, आणि त्याच्याखाली, इयत्ता आठवी. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या इयत्ता आठवीच्या वर ते लिहिलेलं आहे आणि ते मी खोडणार नाही.

मागच्या रविवारी बाईंनी आम्हाला दोघांना जेवायला बोलावलं होतं. त्यांचं घर दगडी, शंभर वर्षांहून जुनं. कुणा ठेकेदाराने मागच्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरून ठेवलेत. दगडाला श्वास घेता येत नाही, ओल आतल्या खोलीत उतरते, पुस्तकांच्या कपाटामागे बुरशी धरली आहे. बाई म्हणाल्या, म्हातारं घर, चालायचंच. मी जेवून उठल्यावर बाहेर जाऊन बोटाने सांधे मोजून आलो. बाई, तुम्हाला हे कुणीतरी इंग्रजी करून वाचून दाखवेल म्हणून इथे लिहून ठेवतो. माझं नाव कोर्सात राहो की निघो, कधीतरी मी ते सिमेंट एकेक सांधा करून छिन्नीने काढणार आहे, आणि तुमची सगळी मागची भिंत चुन्यात भरून देणार आहे. उन्हाळ्यात येईन. पाणी मारायचं की नाही, ते आधी हवा बघून ठरवीन.